गुलाबी बोंडअळीची सुप्तावस्था

गुलाबी बोंडअळीची सुप्तावस्था म्हणजे कपाशीवरील या किडीच्या पूर्ण वाढलेल्या अळीने हिवाळ्यात कोषावस्थेत न जाता महिनोन्‌महिने निश्चल पडून राहणे होय. ती थंडीने आलेली ग्लानी नव्हे. मेंदूने संप्रेरकांच्या द्वारे घडवून आणलेला तो चयापचय व प्रजनन यांचा विराम आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांत पुढील हंगामातील प्रादुर्भाव बऱ्याच अंशी या विरामाशी निगडित असतो. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील बीटी कपाशीचेही मोठे नुकसान केले. किडीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे.

मेंदूची यंत्रणा

कीटकाच्या मेंदूतील काही तंत्रिका पेशी संप्रेरके स्रवतात. त्यांचे तंतू मेंदूमागील कॉर्पोरा कार्डिॲका व कॉर्पोरा ॲलाटा या ग्रंथींच्या जोड्यांपर्यंत पोहोचतात. पहिल्या जोडीतून सुटणारे संप्रेरक मेदपिंडातील साठा रक्तात सोडावयास लावते. मेदपिंड हे कीटकाचे यकृतही आहे आणि कोठारही. दुसरी जोडी बाल-संप्रेरक तयार करते. अळीत ते तिचे अळीपण टिकवते, तर अनेक कीटकांच्या प्रौढ मादीत तेच अंडी पक्व करते. द्रव्य एकच, कार्ये मात्र परस्परविरुद्ध भासणारी. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो येथेच.

कात टाकण्याची आज्ञाही मेंदूच देतो. त्याच्या संप्रेरकाने अग्रवक्ष ग्रंथी जागी होते व एक्डायसोन स्रवते. पोलिश शास्त्रज्ञ स्टेफान कोपेच यांनी १९१७ व १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ठरावीक काळापूर्वी मेंदू काढलेल्या अळ्या जगल्या, पण कोषात गेल्या नाहीत. मेंदू संप्रेरके स्रवतो, याचा हा पहिला पुरावा.

विराम कसा घडतो

दिवस लहान होऊ लागले, रात्री गारठल्या आणि अळीला तेलयुक्त सरकी खावयास मिळाली, की तिच्या शरीरात मेद साठू लागतो. मग मेंदू आपली आज्ञा रोखून धरतो. एक्डायसोन नाही, म्हणून कोष नाही. कोष नाही, म्हणून पतंग नाही व अंडीही नाहीत. प्राणवायूचा वापर घटल्याने साठवलेला मेद दीर्घकाळ पुरतो. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून केलेल्या पोकळीत अळी पडून राहते. उन्हाळा सरून ओलावा आला, की मेंदूचा स्राव पुन्हा सुरू होतो.

शेतीतील महत्त्व

डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेतल्यास अळ्यांना अन्न व आसरा दोन्ही मिळतात. फरदड घेणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. हंगामाचा खर्च भरून काढण्याची त्याची निकड खोटी नसते. तरीही वेचणी वेळेत संपवून पऱ्हाट्यांचा नायनाट करणे हाच खात्रीचा उपाय, कारण सुप्त अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही. मान्सूनपूर्व लागवडही टाळावी. पात्या-फुले येण्यापूर्वी निघालेल्या पतंगांची पुढची पिढी अन्नावाचून मरते. लवकर पेरलेली कपाशी त्यांना नेमका आधार देते आणि मग डोमकळ्या दिसू लागतात.

जागृत पतंगाचे प्रजननही मेंदूशी जोडलेले असते. अनेक पतंगांच्या मादीत अन्ननलिकेखालील तंत्रिका-गुच्छिकेतून येणारे संप्रेरक रात्री कामगंधाची निर्मिती सुरू करते. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध ‘गॉसिप्ल्युअर’ या नावाने कृत्रिमरीत्या तयार होतो व कामगंध सापळ्यात वापरला जातो. त्यात केवळ नर सापडतात. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळल्यास किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात.