ठेक्याचे पाणी आणि ढिवरांची गावे

मासेमार म्हटले की मराठी वाचकाला कोकणातला कोळीवाडा आठवतो. परंतु त्या किनाऱ्यापासून सातशे-आठशे किलोमीटर दूर असलेल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, तसेच नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, गोड्या पाण्यातल्या मासळीवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला ढिवर समाज राहतो आणि त्याची वस्ती तलावाच्या किंवा नदीच्या काठानेच पसरलेली दिसते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतांतील जातीजमातींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ढिवरांचे व्यवसाय म्हणून मासेमारीबरोबर पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाड्याची लागवड करणे आणि कोशाचे किडे पाळणे यांची नोंद आहे. पालखी गेली, पाणक्याचे काम गेले, शिंगाडा आणि कोसा काही भागांत उरला, आणि मासा मात्र उपजीविकेचा मुख्य आधार राहिला. या आधाराची आजची अडचण मासे संपल्याची नाही, किंवा निदान केवळ तेवढी नाही. ज्या पाण्यात मासा वाढतो त्या पाण्यावर ढिवराचा हक्क किती आणि किती काळासाठी, हा त्याच्या भवितव्याचा खरा प्रश्न आहे.

पूर्व विदर्भात सहा-सात हजार जुने तलाव आहेत असे मानले जाते. त्यांपैकी बहुतेक गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. दोन टेकड्यांमधल्या उताराला मातीची पार घालून पाणी अडवायचे, पारीतील तुडुमातून म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून ते धानाच्या बांध्यांना द्यायचे आणि जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात जाऊ द्यायचे, अशी ही साखळी होती. इंग्रजी अमलात गावाचा सारा वसूल करणारे मालगुजार या तलावांचे मालक ठरले, म्हणून त्यांना आजही मालगुजारी तलाव किंवा मामा तलाव म्हणतात. मालकी एकाची असली तरी वापर अनेकांचा होता. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, पाण्याचे परंपरागत वापरहक्क, ज्यांना निस्तार हक्क म्हणतात, गावाच्या कागदपत्रांत नोंदलेले असत. त्या व्यवस्थेत ढिवर मालगुजाराच्या मर्जीने मासे धरत असे आणि त्याला वाटा देत असे. ती न्यायाची व्यवस्था होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल, मात्र तलावाची पार फुटली तर दुरुस्ती कोणी करायची हे सर्वांना ठाऊक होते.

मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० चा. १९५१ मध्ये तो अमलात आला आणि तलाव सरकारच्या मालकीचे झाले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले, पण देखभालीची जबाबदारी कागदावरच राहिली आणि तलावांत गाळ साचत गेला. मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. ठेका म्हणजे ठरावीक रक्कम भरून ठरावीक मुदतीसाठी, बहुधा पाच वर्षांसाठी, मिळणारा मासे धरण्याचा परवाना. गावातल्या ढिवरांची संस्था असते, तिचे सभासद असतात, तिचा ठेका नूतनीकरणासाठी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयांत फिरत असतो. आणि ठेक्याची रक्कम भरण्याइतके भांडवल संस्थेजवळ नसले की एखादा व्यापारी पैसे पुढे करतो, संस्था नावाला उरते आणि सभासद आपल्याच तलावावर मजूर होतो.

दुसरे परावलंबन बियाण्याचे आहे. कतला, रोहू आणि मृगळ हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि त्यानंतर मत्स्यबीज केंद्रांतून बीज विकत मिळू लागले. अगदी बारीक पिल्लांना मत्स्यजिरे आणि बोटाएवढ्या वाढलेल्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. या शोधाने देशाचे मत्स्योत्पादन वाढवले, यात शंका नाही. मात्र ज्या तलावातून मरळ, वाम, मागूर आणि झिंगे आपोआप मिळत होते, तेथे दरवर्षी बीज विकत आणण्याची रीत पडली. आणि सोबत गवत्या म्हणजे ग्रासकार्प सोडला गेला, तर स्थानिक मासे ज्या पाणवनस्पतींवर अंडी घालतात आणि ज्यांच्या आडोशाने पिल्ले वाढवतात, त्याच वनस्पती तो खाऊन टाकतो.

तलाव धानासाठी बांधलेला आहे, हेही विसरून चालत नाही. पावसाने ओढ दिली की शेतकरी तुडूम उघडून पाणी मागतो, आणि त्याची मागणी रास्तच असते; परंतु जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेली बोटुकली ऑक्टोबरात जेमतेम हातात धरण्याजोगी होते, नेमके तेव्हाच पाणी उतरू लागते. उन्हाळा येईपर्यंत लहान तलावात गुडघाभर पाणी उरते, सर्व मासा एकाच वेळी काढावा लागतो, आणि आजूबाजूच्या दहा गावांत हीच वेळ आल्याने आठवडी बाजारात भाव पडतो. त्याच बाजारात आंध्रातून बर्फात भरून आलेला, एकसारख्या आकाराचा मासा वर्षभर मिळतो. टोपलीत मासे घेऊन बाजारात बसणाऱ्या बहुधा ढिवर बायकाच असतात. उथळ पाण्यातले झिंगे आणि बारीक मासे हाताने व टोपलीने धरण्याचे कामही त्यांचेच. तलावात किमान पाणी राखून ठेवावे, ही मासेमारांची जुनी मागणी आहे.

नदीकाठच्या गावांची गोष्ट वेगळी आहे. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे उभारलेल्या धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. सुरुवातीला ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला आणि त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. डोंग्यातून फेकजाळे टाकणाऱ्याची नदी आता खोल, रुंद जलाशय झाली आहे, जेथे बुडालेल्या झाडांच्या खोडांत जाळी अडकून फाटतात. शिवाय या जलाशयात नागपूरचे सांडपाणी येते. दक्षिण नागपुरातील बेसा-पिपळा परिसरात शेतांच्या जागी घरसंकुले झपाट्याने उभी राहिली. त्या बाजूचे पाणी वाहून नेणारी पोरा नदी नागेला, नाग कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. शहरातून आलेली पोषकद्रव्ये पाण्यात साचली की जलपर्णी फोफावते, तिच्या जाड थराखाली प्राणवायू कमी पडतो, जाळे टाकायलाही मोकळे पाणी उरत नाही. बेशातल्या सदनिकाधारकाला आपल्या मोरीतले पाणी आंभोऱ्याच्या कन्हान-वैनगंगा संगमापर्यंत जाते याची कल्पना क्वचितच असते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी मंजूर झालेल्या सुमारे १,९०० कोटींच्या योजनेची चर्चा शहराच्या सौंदर्याच्या अंगाने अधिक होते, खालच्या मासेमाराच्या अंगाने जवळजवळ होतच नाही.

महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील पेंचच्या तोतलाडोह जलाशयात तर वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. राष्ट्रीय उद्यानासाठी हलवलेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेशाने मासेमारीचे परवाने दिले, त्याला पर्यावरणवाद्यांनी आव्हान दिले आणि १९९७ मध्ये न्यायालयाने छायाचित्रासह ओळखपत्र, काठावर चूल न पेटवणे अशा अटी घातल्या. निवाड्यात जंगलाचे रक्षण आणि कुटुंबांची उपजीविका या दोहोंचा विचार होता. जलाशयावरील चोरटी मासेमारी आणि तिच्यावरून होणारे संघर्ष मात्र नंतरही बराच काळ चालू राहिले.

याउलट अर्जुनी मोरगाव तालुक्यात एक लहानसा, पण लक्षपूर्वक पाहावा असा प्रयोग झाला. मनीष राजनकर यांच्या पुढाकारातील भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांना बरोबर घेऊन तलावातील बेशरमाची झुडपे उपटली, उन्हाळ्यात उघडी पडलेली तळजमीन नांगरली आणि हायड्रिला, वॅलिस्नेरिया यांसारख्या स्थानिक पाणवनस्पती हाताने रोवल्या. या कामात बायका पुढे होत्या. कोणते गवत कोणत्या खोलीत येते, कोणता मासा कशाखाली लपतो, हे ज्ञान ढिवरांकडेच होते. वनस्पती रुजल्यावर स्थानिक मासे आणि पक्षी परतले आणि मासळीचे उत्पन्न वाढले. इंडोनेशियाच्या मालुकू बेटांवर ‘सासी’ नावाची प्रथा आहे, जिच्यात गाव ठरावीक काळ मासे धरण्यास बंदी घालते आणि केवांग नावाचे गावरक्षक ती पाळायला लावतात. हारुकू बेटावर ती आजही चालते. फरक इतकाच की तेथे पाण्यावर गावाचा परंपरागत अधिकार मानला जातो, तर अर्जुनी मोरगावात दहा वर्षांनी फळणारे काम पाच वर्षांच्या ठेक्यावर करावे लागते, आणि पुढच्या वेळी तलाव दुसऱ्याकडे गेला तर रोवलेले गवत त्याच्या कामाचे असेलच असे नाही.

शासनाच्या योजना नाहीत असे नव्हे. २०२० ची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना जलाशयात तरंगत्या पिंजऱ्यांतून मासे वाढवण्यास अनुदान देते, मासेमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळू लागले आहे, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिल्याने वीज आणि कर्ज यांत सवलत मिळण्याची वाट खुली झाली. नागपुरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. परंतु पिंजरा उभारायला आधी स्वतःचा हिस्सा घालावा लागतो आणि कर्जाला तारण लागते. हे ज्याच्याकडे आहे तो बहुधा तलावाकाठी राहत नाही. ढिवर घरातला दहावी-बारावी झालेला मुलगा जाळ्याऐवजी नागपूरच्या बांधकामावर जातो, कधी बेशातल्याच एखाद्या इमारतीवर, कारण तेथे आठवड्याच्या शेवटी मजुरी हातात पडते. तलावाचा ठेका दीर्घ मुदतीचा झाला, किमान पाणी राखण्याचा नियम लागू झाला आणि बायकांना संस्थेत पूर्ण सभासदत्व मिळाले, तर बांधकामावर गेलेल्या अशा मुलांपैकी किती जण परततील याचा अंदाज आज बांधता येत नाही. या तीन गोष्टी मागणाऱ्या संस्थांना मात्र नूतनीकरणाच्या अर्जासोबत अजून दरवेळी मागच्या बाकीचा हिशेब जोडावा लागतो.