तुझं गाव कुठलं? मिलिट्रीतल्या पोरांची बदली

ज्यांचा एपिसोड ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

माझे पप्पा मिलिट्रीत हवालदार होते. मी सहावीत असताना त्यांची बदली पंजाबातून नगरला झाली. (आता अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच.) आमचं गाव पारनेर तालुक्यात. त्यामुळे सगळे म्हणाले, "बरं झालं, पोरगं घरी आलं." मला मात्र घरी आल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

आधी बदलीचं सांगतो. पोस्टिंग दोन प्रकारची, फील्ड आणि पीस. फील्डला बहुतेक ठिकाणी बायकापोरांना नेता येत नाही. पीसला नेता येतं, पण साधारण दोन-तीन वर्षं. त्यातही क्वार्टरला वेटिंग असतं. आम्ही पहिले चार महिने भिंगारमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो. पप्पांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेल्या काळ्या ट्रंका होत्या, त्यातल्या दोन आईने उघडल्याच नाहीत. "परत भरायच्याच आहेत की," म्हणायची.

नगरला अशी पोरं पुष्कळ. रणगाडा दलाचं, म्हणजे आर्मर्ड कोरचं ट्रेनिंग इथंच होतं आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरही इथंच आहे. रणगाड्यांचं म्युझियम तुम्ही सहलीत पाहिलं असेल, ते १९९४ चं.

शाळा केंद्रीय विद्यालय. ही योजना १९६३ मध्ये छावण्यांमधल्या २० रेजिमेंटल शाळा घेऊन सुरू झाली, ती बदलीच्या पोरांचा अभ्यास तुटू नये म्हणूनच. आणि खरंच तुटत नाही. पंजाबात अर्धा सोडलेला धडा मी नगरला पुढे वाचला. पुस्तक तेच, बाकावर शेजारी बसणारा तेवढा वेगळा.

माझं खरं अडलं ते आकड्यांवर. घरी मराठी बोलायचो, पण मोजायचो इंग्रजीत. किराणावाला म्हणाला, "एकोणऐंशी झाले," आणि मी शंभरची नोट पुढे करून गप्प. पंजाबात मी 'मराठा' होतो, गावात चुलतभाऊ 'हिंदीवाला' म्हणायचे. कुणी "तुझं गाव कुठलं?" विचारलं की उत्तर पाठ होतं, पण सांगताना खोटं बोलतोय असं वाटायचं.

रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा पोरांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं. आईबापांची संस्कृती एक, राहत्या जागेची दुसरी, आणि पोरांची या दोन्हींच्या मधली तिसरी. गंमत म्हणजे हा शब्द त्यांना १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना सुचला. तो परदेशात वाढणाऱ्या पोरांसाठी होता. माझ्या मते एकाच देशातही चालतो, पंजाब ते पारनेर काय कमी अंतर आहे?

मला सोडवलं क्रिकेटने. शनिवारी एसटीने गावी जायचो. बॉलिंग येत नव्हती म्हणून भावांनी स्कोअरची वही हातात दिली, आणि स्कोअर ओरडून सांगायचा तो मराठीतच. "एकोणपन्नासवर चार!" चुकलो की अख्खं मैदान हसायचं, मीही हसायचो. दिवाळीपर्यंत शंभरच्या आतला एकही आकडा अडत नव्हता. अडीच वर्षांनी पप्पांना फील्ड लागलं, तेव्हा आई म्हणाली, "आपण इथंच राहू." मग त्या दोन ट्रंका उघडल्या. एकात माझा पहिलीचा स्वेटर निघाला.

तुमच्या वर्गात असं कुणी नवीन आलं असेल तर गाव विचारू नका, "आधी कुठं होतास?" विचारा. अर्धा तास बोलेल. आणि तुम्हीच तसे असाल तर व्हॉइस नोट पाठवा, किती शाळा झाल्या? माझ्या पाच.