चूक कोणाच्या वाट्याला?
२०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन संगणकप्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. प्रचलित चाचणीसंचांत गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा असल्याने हा दोष सरासरीत झाकला जात होता.

असे दोष हुडकणे हा आता व्यवसाय होऊ पाहत आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने त्याला बळ दिले. त्यासाठी संगणकशास्त्राला संख्याशास्त्र, कायदा व भाषा यांची जोड हवी. आपली बोली यंत्राला नेमकी कळली का, हे ती जाणणारा माणूसच सांगू शकतो. ‘अचूकता किती?’ यावर न थांबता ‘चूक कोणाच्या वाट्याला?’ असे विचारणे, ही या वाटेवरची पहिली पायरी होय.