इसार देण्यापूर्वी घर तपासून घ्या

आपल्यातला नोकरदार माणूस बहुधा जन्मात एकदाच घर घेतो. भविष्य निर्वाह निधीतून उचल, पतसंस्थेचे कर्ज, सौभाग्यवतीचे दागिने, असे सारे गोळा करून जालन्यात दोन-तीन खोल्यांचे रो-हाऊस उभे राहते. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून बघतो. साडीसुद्धा उलगडून उजेडात धरतो. घर मात्र रंग पाहून घेतो.

मीही तेच केले. 2013 साली जुने घर घेतले. वकिलाकडून सर्च रिपोर्ट, अकृषिक आदेश, घरपट्टीची पावती, कशातही कसूर ठेवली नाही. मी बी.कॉम. झालेला लिपिक, मला कागद कळतो. भिंत कळत नाही, हे तेव्हा ध्यानात आले नाही. बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेला म्हणून निर्धास्त होतो. पण तो बँकेचे पैसे बुडणार नाहीत ना, एवढे पाहायला आला होता. पुढच्याच पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला, स्वयंपाकघराचे दार लागेनासे झाले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम दुरुस्तीत गेली. घरात त्यावरून झालेली बोलणी येथे लिहीत नाही.

मिस्त्रीने पायाशेजारी खोदून दाखवले, तेव्हा कारण कळले. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर तिच्यासोबत वर-खाली होते. माझ्या घराचा पाया काळ्या मातीतच संपला होता.

म्हणून यंदा पुतणीने घर पाहायला घेतले, तेव्हा इसाराआधी स्थापत्य अभियंता सोबत नेला. त्याची फी तिच्या एका हप्त्याहूनही कमी होती. घरमालक रागावले, "आमच्यावर विश्वास नाही काय?" पोरगी म्हणाली, "काका, विश्वास आहे, पण कर्ज वीस वर्षांचे आहे."

अभियंत्याने गिलाव्यावर हातोडीने हलके ठोकत पोकळ आवाज कुठे येतो ते पाहिले. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना फारसे महत्त्व दिले नाही. तिरपे तडे मात्र मोजले. न्हाणीघराच्या छताचे पोपडे खरवडले तर आत सळई गंजून फुगलेली. फरशीवर पोराची गोटी ठेवली, ती एका कोपऱ्याकडे धावत गेली. मग त्याने बांधकामाचे वर्ष विचारले. 2012-13 च्या दुष्काळात जालना टँकरवर जगत होते, हे आपण विसरलेलो नाही. स्लॅबला साध्या सिमेंटात किमान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत दहा दिवस तरी पाणी द्यावे लागते. त्या वर्षी प्यायलाच पाणी नव्हते, तर स्लॅबला किती मिळाले असेल, हा त्याचा प्रश्न होता. ते घर पुतणीने सोडले.

गावाकडे जुने माळवदाचे घर घेणाऱ्यांनी तर तपासणी टाळूच नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांखालीच हजारो माणसे गाडली गेली.

नवी सदनिका महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली असेल, तर 2016 च्या कायद्याने ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. तक्रार लेखी करावी, पोच घ्यावी. एखाद्याकडून जुने घर विकत घेताना हा आधार नसतो. तेथे खरेदीखतावर सही करण्याआधी जे पाहिले तेवढेच आपल्या हाती.

शक्य असल्यास घर भर पावसात किंवा पावसाळा संपता-संपता पाहावे. दिवाळीच्या रंगाखाली ओल दिसत नाही. पुतणीने दुसरे घर सप्टेंबरात पाहिले. अभियंत्याने दोन पानी लेखी अहवाल दिला, गच्चीची गळती त्यात नोंदली. मालकांनी ती आधी दुरुस्त करून दिली, मग इसारपावती झाली.