हेलिकॉप्टर घ्यायचंय? मग आधी हे वाचा!

मित्रांनो, ‘छोटं रिमोटचं हेलिकॉप्टर घ्यायचंय, कुठलं घेऊ?’ हा प्रश्न होस्टेलवर दरवर्षी कुणीतरी विचारतोच. घरून आलेले पैसे त्यात जातात, आठवडाभर कॉरिडॉरमध्ये घरघर ऐकू येते आणि मग ते यंत्र कपाटावर धूळ खात पडतं. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. आपल्या हाताला न झेपणारं मॉडेल घेतलेलं असतं, नाहीतर ‘अपग्रेड’च्या नावाखाली भलत्याच भागावर खर्च केलेला असतो. म्हणून पाकिटात हात घालण्याआधी थोडं समजून घेऊया.

तीन प्रकार

रोटर एका दिशेने फिरला की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हेलिकॉप्टरचं धड उलट्या दिशेने फिरू पाहतं. हा टॉर्क आवरायचा कसा, इथूनच प्रकार वेगळे होतात.

१) कोअ‍ॅक्सियल : एकावर एक दोन रोटर, एकमेकांच्या उलट फिरणारे. टॉर्क आपोआप रद्द होतो. २०१० च्या आसपास गाजलेलं सायमा एस-१०७ हे याचं उत्तम उदाहरण. तीन चॅनेल, इन्फ्रारेड रिमोट. उडवायला सोपं, पण डावी-उजवीकडे सरळ सरकता येत नाही. भर उन्हात इन्फ्रारेडचा सिग्नलही नीट पोचत नाही. म्हणजे खोलीतली गंमत म्हणून झकास, पण खरं हेलिकॉप्टर उडवण्याचा सराव यात फारसा होत नाही.

२) फिक्स्ड पिच : एक मुख्य रोटर आणि शेपटीला छोटा रोटर. पात्यांचा कोन ठरलेला, वर-खाली जायचं ते रोटरचा वेग बदलून. डब्ल्यूएल टॉइजचं व्ही-९११ या वर्गातलं. चार चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. शिकायचं असेल तर सुरुवात इथून करा.

३) कलेक्टिव्ह पिच : रोटरचा वेग जवळपास कायम, पात्यांचा कोन बदलतो. एक्सके के-११० हे या वर्गातलं छोटं मॉडेल, सहा चॅनेल आणि मुख्य मोटार ब्रशलेस. उलटंसुद्धा उडतं! पण हात बसलेला नसेल तर पहिल्याच मिनिटात पाती गेली म्हणून समजा.

अपग्रेडचं गणित

‘मोठी बॅटरी लावली की जास्त वेळ उडेल’ हे अर्धंच खरं आहे. हवेत तरंगत राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते. समजा दीडपट क्षमतेची बॅटरी लावली आणि त्यामुळे एकूण वजन १० टक्क्यांनी वाढलं. शक्ती सुमारे १५ टक्के जास्त लागेल. म्हणजे उड्डाणाचा वेळ ५० नव्हे, फार तर ३० टक्के वाढेल. शिवाय मोटार जास्त तापेल आणि तिचे ब्रश लवकर झिजतील. त्यापेक्षा मूळ मापाच्याच दोन बॅटऱ्या जास्त घ्या आणि दोन उड्डाणांच्या मध्ये मोटारीला दहा मिनिटं विश्रांती द्या.

दुसरा मोह अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत भागांचा. स्वॉशप्लेट धातूची, रोटरहेड धातूचं! दिसतं भारी, पण विचार करा. प्लॅस्टिकचा स्वस्त भाग पडल्यावर आधी तुटतो, म्हणजे फ्यूजचं काम करतो. तो धातूचा केला की धक्का पुढे जातो आणि मुख्य शाफ्ट वाकतो, नाहीतर सर्व्होचे दाते जातात. वजन वाढतं ते वेगळंच.

ताकदवान मोटार बसवायची असेल तर आधी कंट्रोल बोर्ड किती करंट सोसतो ते बघा. नाहीतर मोटार शाबूत आणि बोर्ड जळालेला.

मग पैसे घालायचे कुठे? पात्यांचे दोन-तीन जोड, एक जादा शाफ्ट, शेपटीची मोटार आणि स्टिक गुळगुळीत चालणारा चांगला ट्रान्समीटर. मॉडेल घेतानाच त्याचे सुटे भाग सहज मिळतात का, याची चौकशी करा. भाग मिळत नसतील तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

सराव

पहिले काही दिवस शेपूट आपल्याकडेच ठेवा. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भले भले गडबडतात. जमिनीला चिकटून तरंगू नका. रोटरच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत खाली दाबलेली हवा यंत्राला डळमळवते. खोलीत उडवताना पंखा बंद करा, खरं तर रिकामा बॅडमिंटन हॉल सगळ्यात बरा. पडणार असं वाटलं की पहिल्यांदा थ्रॉटल शून्यावर! पाती फिरत असताना आपटलं तर नुकसान कितीतरी जास्त.

हे मात्र विसरू नका

लिथियम-पॉलिमर बॅटरी म्हणजे खेळणं नव्हे. एका सेलचा पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट. ३ व्होल्टच्या खाली ती कधीच उतरू देऊ नका, आणि सुट्टीत ठेवून जाताना ३.८ च्या आसपास ठेवा. २०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी २०० मिलिअँपिअरनेच चार्ज करा. गादीवर किंवा झोपताना चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी ‘अजून चालतेय ना’ म्हणून वापरू नका. आग लागली तर रूम एकट्याची नसते, शेजारी रूममेट झोपलेला असतो.

भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतची यंत्रं ‘नॅनो’ वर्गात येतात आणि ती उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. पण याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही. कॉलेज विमानतळाच्या किंवा लष्करी हद्दीच्या जवळ असेल तर आधी नकाशा तपासा आणि मैदानावर उतरण्याआधी रेक्टर सरांना विचारा.

तर मंडळी, आधी चार चॅनेलवर हात बसवा. यंत्र हवेत एका जागी मिनिटभर स्थिर ठेवता आलं, तेही नाक आपल्याकडे करून, की मग खुशाल कलेक्टिव्ह पिचकडे वळा. हॅपी लँडिंग!