चॉकलेट पांढरं का पडलं? ईस्टरची अंडी आणि नोंदवहीतली एक रिकामी जागा

गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी डबा उघडला आणि पोटात गोळाच आला. गुरुवारी रात्री बारा वाजेपर्यंत जागून केलेली 30 चॉकलेटची अंडी आत होती, आणि जवळजवळ प्रत्येकावर राखाडी-पांढरे पट्टे उमटले होते. पहिला विचार आला तो बुरशीचा. दुसरा विचार शेजारच्या आजींचा, कारण ही अंडी मी त्यांना कबूल केली होती.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी पीएचडीसाठी राहते ते पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं गाव आहे. ईस्टर जवळ आला की या भागात पीनट बटरची अंडी करतात. आत पीनट बटर आणि पिठीसाखरेचं सारण, बाहेर चॉकलेटचं कवच, आकार अंड्याचा. चॉकलेट आणि शेंगदाण्याची ही जोडी इथली फार लाडकी. एच. बी. रीझ यांनी आपले प्रसिद्ध पीनट बटर कप 1928 मध्ये याच राज्यातल्या हर्शी गावात करायला सुरुवात केली. अंडी दुकानातही मिळतात, पण ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत अनेक चर्चच्या स्वयंपाकघरांत बायका जमून ती शेकड्यांनी करतात आणि विकून चर्चसाठी पैसे उभे करतात. आपल्याकडे दिवाळीआधी महिला मंडळं चकली-लाडवांच्या ऑर्डरी घेतात ना, अगदी तसंच. शेजारच्या आजी त्यात गेली कित्येक वर्षं आहेत. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "30 माझ्याकडे लागली."

आजींनी एक अंडं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "खायला काही हरकत नाही, पण विकता नाही यायचं." झालं. 30 अंडी माझ्या लॅबमध्ये गेली आणि दुपारपर्यंत संपली. मला मात्र प्रश्न चिकटला तो चिकटलाच: हे पांढरं आहे तरी काय?

आधी संशयित ठरवा

संशोधनाला सुरुवात करणाऱ्या आपल्या सगळ्यांची एक खोड असते. काही बिघडलं की लगेच उपाय शोधायला धावायचं. "पुढच्या वेळी दुसरं चॉकलेट आणू, पीनट बटरही बदलू, फ्रीजरमध्येही नको ठेवायला." तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि जमलं, तर कशामुळे जमलं हे कधीच कळत नाही. मीही दुकानात जायला निघालेच होते, पण तेवढ्यात थांबले.

चॉकलेटवर येणाऱ्या या पांढऱ्या थराला ब्लूम म्हणतात आणि त्याचे मुख्य प्रकार दोन. एक साखरेचा: गार चॉकलेटवर दव धरतं, त्यात पृष्ठभागावरची साखर विरघळते, पाणी उडून जातं आणि साखरेचे कण मागे राहतात. दुसरा चरबीचा: चॉकलेटमधलं कोको बटर पृष्ठभागावर येऊन तिथे त्याचे स्फटिक तयार होतात.

माझा संशय साखरेवर होता, कारण अंडी मी फ्रीजरमध्ये ठेवली होती. दोघांमधला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. साखरेचा थर बोटाला खरखरीत लागतो, पाण्याच्या थेंबात विरघळतो, पण हलक्या उष्णतेने जात नाही. चरबीचा थर गुळगुळीत लागतो, त्यावर पाण्याचा थेंब गोल बसतो आणि थोडं गरम केलं की थर वितळून दिसेनासा होतो. मी शेवटच्या उरलेल्या अंड्यावर एक थेंब टाकला. तो बसून राहिला. मग दुरून हेअर ड्रायरचा झोत दिला, तर पट्टे गायब! म्हणजे साखर निर्दोष, गुन्हेगार कोको बटर.

एकच पदार्थ, सहा रूपं

कोको बटर ही चरबी. तिचे रेणू मुख्यतः तीन स्निग्धाम्लांपासून बनलेले असतात: पामिटिक, स्टिअरिक आणि ओलिइक. या लांब साखळ्यांचे रेणू गोठताना एकमेकांशेजारी रचले जातात, आणि ही रचना एकाच प्रकारे होते असं नाही. लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आठवा. घाईत कशाही एकावर एक टाकल्या तर मोठा ढीग होतो आणि जरा धक्का लागला की कोसळतो. एकात एक नीट बसवल्या तर त्याच खुर्च्यांची घट्ट, सरळ चळत होते. खुर्च्या त्याच, रचना वेगळी. या गुणधर्माला बहुरूपता म्हणतात, पेपरांमध्ये पॉलिमॉर्फिझम.

1966 मध्ये विले आणि लटन यांनी कोको बटरची सहा रूपं वर्णन केली. पहिलं रूप साधारण 17 अंश सेल्सिअसला वितळतं, चौथं 27-28 अंशांना, पाचवं 34च्या आसपास आणि सहावं 36च्या. आपल्याला हवं असतं पाचवं. ते खोलीच्या तापमानाला कडक राहतं, चकाकतं, मोडताना कट्कन आवाज करतं, आणि तोंडात 37 अंश असल्यामुळे जिभेवर विरघळतं.

मग गोठताना ते पाचव्याच रूपात का गोठत नाही? कारण पदार्थ गोठताना सर्वांत स्थिर रूपाकडे थेट जातोच असं नाही. पटकन जमणारं, कमी स्थिर रूप बहुधा आधी येतं. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी 1897 मध्ये हे मांडलं आणि आजही ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. वितळलेलं चॉकलेट झटकन गार केलं की घाईत रचलेल्या खुर्च्या मिळतात. नंतर डब्यात पडल्या पडल्या त्या हळूहळू जास्त स्थिर रचनेकडे सरकतात, कोको बटर पृष्ठभागावर येतं आणि तिथे वाढलेल्या स्फटिकांवरून प्रकाश विखुरतो. तोच आपल्याला पांढरा दिसतो.

मी नेमकं हेच केलं होतं. चॉकलेट पूर्ण वितळवलं, त्यात फ्रीजरमधून काढलेले थंडगार गोळे बुडवले आणि सगळं पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवलं.

विरजण लावायचं

यावरचा उपाय म्हणजे टेम्परिंग. मराठी घरातल्या माणसाला तो समजायला अवघड नाही, कारण आपण दह्याला विरजण लावतो. डार्क चॉकलेटचे दोन भाग 45-50 अंशांपर्यंत वितळवायचे, म्हणजे जुने सगळे स्फटिक मोडतात. मग आच बंद करून उरलेला एक भाग बारीक चिरून घालायचा आणि ढवळत 31-32 अंशांवर आणायचं. मिल्क चॉकलेट असेल तर 29-30. दुकानातल्या चांगल्या चॉकलेटमधले पाचव्या रूपाचे स्फटिक इथे बीज होतात, आणि बाकीचं कोको बटर त्यांच्यावर त्याच रचनेत जमत जातं. उपमा इथपर्यंतच ताणायची. विरजणात जिवाणू जिवंत असतात आणि वाढतात, इथे फक्त साचा पुरवला जातो. पण एक गोष्ट सारखी आहे: फार गरम दुधात विरजण मरतं, तसं 34-35च्या वर गेलं की हे बीजही वितळतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आजींना टेम्परिंग हा शब्द माहीत नव्हता. त्या चमच्याच्या टोकाने थेंबभर चॉकलेट खालच्या ओठाखाली लावतात. किंचित गार लागलं की "झालं". ओठाजवळची त्वचा 31-32 अंशांपेक्षा जरा गरम असते, म्हणून तयार चॉकलेट तिथे गार भासतं. मी शेजारी थर्मामीटर घेऊन उभी राहिले. तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा आकडा 31 आणि 32च्या मध्ये.

चार गट, एक प्रयोग

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण "टेम्परिंग नव्हतं म्हणून पांढरं पडलं" हे अजून माझं गृहीतकच होतं. शिवाय आत पीनट बटर होतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल, आणि ते खोलीच्या तापमानाला पातळ. त्याचा काही हात असेल का? म्हणून पुढच्या आठवड्यात मी चार गट केले, प्रत्येकात सहा नग:

1. टेम्पर केलेलं चॉकलेट, आत सारण
2. टेम्पर केलेलं चॉकलेट, नुसत्या चकत्या
3. टेम्पर न केलेलं, आत सारण
4. टेम्पर न केलेलं, नुसत्या चकत्या

चॉकलेट एकाच पाकिटातलं, सारण एकाच भांड्यातलं, चारही गट एकाच कपाटात, 21-22 अंशांना. दोन दिवसांत तिसरा आणि चौथा गट पांढरा पडला, पहिले दोन चकचकीत. गृहीतक बरोबर! मी खूश. डबे फेकून द्यायचे राहिले, एवढंच.

तीन आठवड्यांनी सहज पाहिलं तर पहिल्या गटातली अंडीही निस्तेज झाली होती. कडेला पांढुरके डाग, आणि कवच बोटाने दाबलं जात होतं. दुसऱ्या गटातल्या नुसत्या चकत्या मात्र तशाच चकाकत होत्या. दोन्हींत फरक फक्त सारणाचा. शेंगदाण्याचं तेल हळूहळू कवचात शिरतं, काही कोको बटर विरघळवतं, कवच मऊ पडतं आणि पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक वाढतात. म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं. दुसऱ्या दिवशी थांबले असते तर उरलेलं अर्धं दिसलंच नसतं, आणि नुसत्या चकत्यांचा गट नसता तर दिसूनही कळलं नसतं.

आणि माझी नोंदवही

याच सुमारास लॅबमध्ये माझं काम अडकलं होतं. मी पॉलिमरच्या पातळ फिल्म करते. तेच रसायन, तीच जाडी, तरी मोजमापं एका आठवड्याची दुसऱ्याशी जुळेनात. सहा महिने मी रसायनाच्या शुद्धतेवर संशय घेत होते. मीटिंगमध्ये चॉकलेटची गंमत सांगितली, तर माझ्या गाईडनी हसून एकच प्रश्न विचारला, "आणि तुझ्या फिल्म कशा गार होतात?"

नोंदवही उघडली. प्रत्येक पानावर एकच वाक्य: "फिल्म गरम केली. गार होऊ दिली." किती वेळात? कशावर ठेवून? काहीच लिहिलेलं नाही. आठवून पाहिलं तर घाई असेल तेव्हा मी ती धातूच्या टेबलावर ठेवत होते, आणि वेळ असेल तेव्हा बंद केलेल्या हॉट प्लेटवरच राहू देत होते. एक झटकन गार, एक सावकाश. दोन्ही पद्धती वेळ मोजून पुन्हा केल्या तेव्हा फरकाचा मोठा भाग तिथेच सापडला. सहा महिन्यांची बरीचशी मोजमापं मात्र पुन्हा करावी लागली.

हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्यांचं होतं असं समजू नका. एचआयव्हीवरचं रिटोनाविर हे औषध 1996 मध्ये बाजारात आलं, आणि 1998 मध्ये त्याच रेणूचं एक नवं, जास्त स्थिर पण कमी विरघळणारं स्फटिकरूप उत्पादनात अचानक दिसू लागलं. कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. सूत्र तेच, रेणू तोच, रचना वेगळी. तुम्ही पेट देऊन सिनॉप्सिस लिहीत असाल, तर "पद्धत" या मथळ्याखाली पदार्थ आणि प्रमाण लिहून थांबू नका. तो पदार्थ कुठल्या तापमानातून, किती वेगाने गेला, हेही लिहा.

करून बघायचं असेल तर

30 अंड्यांसाठी पीनट बटर 250 ग्रॅम, मऊ बटर 55 ग्रॅम, पिठीसाखर 300 ग्रॅम, चिमूटभर मीठ. मळून प्रत्येकी 20 ग्रॅमचे गोळे करा, अंड्याचा आकार द्या. वर तेल सुटलेलं पीनट बटर घेऊ नका, न सुटणारं घ्या. त्यात मिसळलेली घट्ट चरबी तेल धरून ठेवते. गोळे फ्रीजमध्ये घट्ट करा, पण बुडवण्याआधी बाहेर काढून साधारण 20 अंशांवर येऊ द्या. भांड्यात पाण्याचा थेंबही नको, नाहीतर साखरेचे कण चिकटून चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. चाकूचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाचेक मिनिटांत चकाकून घट्ट झालं, तर चॉकलेट तयार. आठवड्याभरात संपवा, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

पुण्या-नागपुरात एप्रिलमध्ये करणार असाल तर आधी खोलीचं तापमान बघा. बाहेर 40 असताना 34ला वितळणारं कवच घट्ट होणारच नाही. एसी लावा किंवा जानेवारीत करा. आणि पाकिटावर "कंपाउंड" लिहिलं असेल तर त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. त्याला टेम्परिंग लागत नाही, पण मग हा प्रयोगही होत नाही.

यंदा आजींना 30 अंडी वेळेवर दिली, सगळी चकचकीत. डब्यावर मी पट्टी चिकटवली होती: तारीख, 31.5 अंश, गार होण्याचा वेळ. आजींनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाल्या, "तापमान ठीक आहे, पण किंमत कुठेय?"