मिरचीला मिरची का म्हणतात?

मिरची सगळ्यांच्या घरी असते. ठेचा, आमटी, कालवण, कशालाही ती लागतेच. म्हणून ती आपलीच असं आपल्याला वाटतं. पण गुरुजींनी सांगितले की, मिरची मूळची अमेरिका खंडातली आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला. त्यानंतर पोर्तुगीज लोकांनी मिरची जहाजातून आपल्याकडे आणली.

त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी वापरत. मिरी म्हणजे वेलीवर येणारे काळे गोल दाणे. हे नवीन फळ मिरीसारखेच झोंबले, म्हणून त्याला मिरची नाव पडले. स्पेनच्या लोकांनीही मिरीवरूनच त्याचे नाव ठेवले. पण मिरची ही मिरीची कोणी लागत नाही. ती वांगी, टोमॅटो आणि बटाटा यांच्या कुळातली आहे.

आता गंमत ऐका. तिखट ही खरी चव नाहीच. चव फक्त तोंडात कळते. पण माझी आई उन्हाळ्यात मिरच्यांचे देठ मोडायला रोजाने जाते, तेव्हा तिचे हात जळतात. हाताला कुठे जीभ असते? रात्री हात नुसते पेटल्यासारखे होतात आणि बाळाला घ्यायचीसुद्धा सोय राहत नाही.

मिरचीत कॅप्सेसिन नावाचा पदार्थ असतो. आपल्या कातडीत आणि जिभेत चटका ओळखणाऱ्या बारीक जागा असतात. कॅप्सेसिन नेमके तिथेच जाऊन बसते. मग भाजलेले नसले तरी भाजल्यासारखे वाटते. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पोपटाला मात्र मिरची झोंबत नाही, म्हणून तो मजेत खातो.

पुष्कळांना वाटते की, सगळा तिखटपणा बियांत असतो. तसे नाही. बिया जिला चिकटलेल्या असतात, त्या आतल्या पांढऱ्या शिरेत तो जास्त असतो. ढोबळी मिरचीत तो नसतोच म्हटले तरी चालेल.

कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तोंड भाजले तर नुसते पाणी पिऊ नका, दूध किंवा दही घ्या. हाताला आधी गोडे तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोवर डोळ्यांना हात लावू नका. घरी आई-आजीलाही हे जरूर सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी